हौदातले गप्पी: जिवंत पिल्ले देणारा मासा कुठे पाळावा, कुठे मुळीच सोडू नये

गप्पीची गाभण मादी काचेच्या बरणीत घेऊन उजेडाकडे धरा. पोटाच्या मागच्या टोकाला, विष्ठेच्या छिद्राच्या जरा वर, एक काळसर डाग दिसेल. पहिल्या आठवड्यात तो फिकट असतो, तिसऱ्या आठवड्यात गडद होतो. विण्याच्या एक-दोन दिवस आधी नीट पाहिले तर त्या डागात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके सुटे सुटे दिसतात. ते पिल्लांचे डोळे आहेत. या वेळी मादीचे पोट गोल न राहता समोरून चौकोनी दिसू लागते, ती खाणे कमी करते आणि हौदाचा एखादा कोपरा धरून बसते. मग काही तासांत एकेक पिल्लू बाहेर पडते: आधी वेटोळे घातलेले, क्षणभर खाली बुडते, अंग सरळ करते आणि सरळ पाल्याच्या आडोशाला पळते. लांबी ६-७ मिलिमीटर. त्याच दिवसापासून ते डासाच्या अगदी बारीक अळ्या टिपायला लागते.

रोहू-कटला चिरला की पोटातून गाभोळी निघते. पावसाळ्यात नदीला पूर आला की रोहूची मादी लाखो अंडी पाण्यात सोडते, नर त्यावर रेत सोडतो आणि बाहेर पाण्यातच त्यांचे मीलन होते. साठलेल्या तळ्यात रोहू स्वतःहून वीत नाही, म्हणूनच मत्स्यबीज विकत आणून टाकावे लागते. गप्पीचे तसे नाही. नराच्या पोटाखालचा एक पर बदलून नळीसारखा झालेला असतो आणि त्याने तो रेत मादीच्या पोटात पोहोचवतो. अंडी आतच फळतात, आतच उबतात. मादी पिल्लाला गायीसारखे नाळेतून पोसत नाही; पिल्लू मुख्यतः अंड्यातल्या बलकावरच वाढते. कोंबडीने अंडे बाहेर न घालता पोटातच उबवले आणि एकदम पिल्लूच बाहेर दिले असते, तर जसे झाले असते, तसे हे आहे. दर ३ ते ४ आठवड्यांनी एक वीत, एका वितीला साधारण २० ते ६० पिल्ले. तरण्या मादीला कमी, थोराड मादीला जास्त.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. एकदा नराशी संग झाला की मादी ते रेत पोटात काही महिने जपून ठेवते आणि नर नसतानाही पुन्हा पुन्हा विते. एक गाभण मादी बादलीतून सांडून बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात गेली, तर तिथे गप्पीचे बस्तान बसायला तेवढे पुरते.

समुद्रातले भाऊबंद

पिल्ले जिवंत देण्याची तऱ्हा फक्त गप्पीची नाही. आपल्या किनाऱ्यावर मिळणारी लहान मुशी, म्हणजे कोकणी बाजारातली चपट्या नाकाची शार्क, हीसुद्धा पिल्ले जिवंत देते, आणि तिची वार तर माशांमध्ये सर्वांत पुढारलेली मानली जाते. तिचे अंडे जेमतेम १ मिलिमीटरचे असते. बलक जवळजवळ नसतोच, म्हणून पिल्लाचे सगळे पोषण आईच्या रक्तातूनच होते. गप्पीच्या अगदी उलट.

पण जिवंत पिल्ले देणाऱ्या सागरी माशांत सर्वांत मोठा बारदाना सेबास्टिस या प्रजातीचा. प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे त्या आडनावाची वेगवेगळी माणसे, असे समजा. सेबास्टिस आडनावाच्या १००हून अधिक जाती आहेत. बहुतेक उत्तर पॅसिफिकमध्ये, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत आणि पलीकडे जपानकडे. थोड्या उत्तर अटलांटिकमध्ये. त्यांतल्या एका अटलांटिक जातीचे नावच सेबास्टिस व्हिव्हिपॅरस, म्हणजे 'जिवंत पिल्ले देणारा'. खडकांच्या कपारीत राहणारे, पाठीवर विषारी काटे असलेले, लाल-नारिंगी-काळे असे हे मासे इंग्रजीत रॉकफिश म्हणून ओळखले जातात. यांची मादीही रेत काही महिने पोटात साठवते आणि अंडी पिकली की मग फळवते. पण ती गप्पीसारखी तीस तयार पिल्ले देत नाही. मोठी मादी एका हंगामात दहा लाखांहून जास्त पिल्ले सोडते, प्रत्येक काही मिलिमीटरचे, काचेसारखे पारदर्शक. ती प्रवाहावर वाहत जातात आणि बहुतेक मरतात.

खरा फरक वयाचा. गप्पीचा नर दोन महिन्यांत जाणता होतो आणि मासा दोन-तीन वर्षांत संपतो. सेबास्टिस अल्यूशियानस या जातीच्या एका माशाचे वय २०५ वर्षे मोजले गेले आहे. माशाच्या कानात खड्यासारखे हाड असते. ते कापून झाडाच्या खोडासारखी त्यातली वर्षांची वलये मोजतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या माशाची तितकीच सावकाश भर होते. कॅलिफोर्नियात सेबास्टिस लेव्हिस ही जात जास्त मासेमारीने खालावल्याचे २००० साली जाहीर झाले आणि तिची भरपाई झाल्याचे जाहीर व्हायला २०१९ उजाडले. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला ओरेगॉनच्या किनाऱ्यावर काळ्या रॉकफिशवर झालेल्या अभ्यासात असेही दिसले की म्हाताऱ्या माद्यांच्या पिल्लांबरोबर तेलाचा थेंब मोठा येतो, ती लवकर वाढतात आणि उपाशी जास्त दिवस तगतात. म्हणजे थोरली मादी जाळ्यात काढून नेली तर नुकसान एका माशाचे राहत नाही.

गप्पी याच युक्तीचे दुसरे टोक. त्याचा झपाटा गावाच्या कामाचा आहे आणि त्याच झपाट्यामुळे तो तळ्याला बाधतोही.

गावात त्याचे काम काय

मलेरिया, डेंग्यू, हत्तीरोग हे तिन्ही डासांचे आजार, पण डास वेगळे आणि त्यांचे पाणीही वेगळे. डेंग्यूचा डास माणसाच्या घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कूलर, रांजण, ढोरांचे टाके, छतावरचे टायर. हत्तीरोगाचा डास घाण नालीत. मलेरियाचा डास खाचरात, झिऱ्यात, विहिरीत, आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हळू वाहत्या नाल्यातही. विदर्भाच्या पावसाळी उकाड्यात अंड्यापासून डास उडायला सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायचा तो यासाठीच. जे पाणी उपसून टाकता येत नाही, तिथे मासा. जे उपसता येते, तिथे मासा टाकण्याचा विचारही करू नका.

कूलरमध्ये गप्पी टाकणे हे सर्वांत जास्त दिसणारे चुकीचे काम आहे. पंप माशाला ओढून घेतो, पाणी तापते आणि दोन दिवसांत मासा मरून पाण्याला वास येतो. कूलरचे पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकीच्या आतल्या भिंती काथ्याने घासा. नुसते पाणी काढणे पुरत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. उन्हाळा संपल्यावर बंद करून माळ्यावर टाकलेला कूलर पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच अळ्या का देतो, याचे उत्तर हेच. पिण्याच्या पाण्याच्या टाकीतही मासा नको. तिथे झाकण आणि कापड बांधणे हाच उपाय.

गप्पी शोभतो तो ढोरांच्या पाण्याच्या हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत, बांधकामाच्या टाक्यात, देवळामागच्या बारवेत आणि जिचे पाणी कुठेच वाहून जात नाही अशा डबक्यात. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो असा अंदाज धरतात. त्याचे तोंड वरच्या बाजूला उघडते, म्हणून पृष्ठभागाशी आडव्या पडून राहणाऱ्या मलेरियाच्या डासाच्या अळ्या त्याला सहज सापडतात. घाण पाणीही तो बऱ्यापैकी सोसतो.

किती मासे टाकायचे याचा हिशेब पाण्याच्या काठावर करतात: काठाच्या दर मीटरमागे ५ ते १० मासे, अळ्या फार असतील तर २० पर्यंत. ३ मीटर बाय २ मीटरचा हौद असेल तर चारही बाजूंचा काठ १० मीटर, म्हणजे ५० ते १०० मासे. त्यांत नरमाद्या मिसळलेल्या हव्यात. फक्त रंगीत नर उचलून आणले तर वर्षभरात हौद रिकामा. नर लहान, रंगीबेरंगी, दीड इंचाच्या आतला. मादी त्याच्या दुप्पट, मळकट रंगाची, पोटाळू.

मासे टाकण्याआधी हौदाच्या काठचे शेवाळ, पाला, काड्या काढून टाका. हे कंटाळवाणे काम लोक टाळतात आणि मग 'मासे टाकूनही डास आहेतच' म्हणतात. अळी पाल्याच्या खाली शिरली की मासा तिथे पोहोचत नाही. तसेच ज्या हौदात मासे अळ्यांसाठी ठेवले आहेत, तिथे त्यांना भात, पोळी, कणीक घालू नका. पोट भरलेला मासा अळीकडे वळत नाही.

पैदास

मासे शक्यतो तालुक्याच्या आरोग्य विभागाकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पैदास केंद्रातून घ्या. आशाताईंना विचारले तर कुठे मिळतात ते कळते. गावपातळीवर कायमचे पैदास केंद्र करायचे तर ५ मीटर बाय ४ मीटर आणि दीड मीटर खोल टाके पुरते; त्यात ५ ते १० हजार मासे राहतात. दीड मीटर खोली उगाच सांगितलेली नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा गुडघाभर पाण्याचे टाके दुपारी अंघोळीच्या पाण्यासारखे तापते. गप्पीला २४ ते ३४ अंश मानवते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, मग पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. खोल टाक्यात तळाशी गारवा राहतो. उथळ टाके असेल तर त्यावर शेडनेट किंवा पऱ्हाट्यांचा मांडव घाला. हिवाळ्यातही खोलीच कामी येते: गोंदियाकडच्या थंडीच्या रात्री उथळ पाणी १० अंशांच्या खाली गेले तर गप्पी टिकत नाही.

घरच्या घरी करायचे तर ५०० लिटरचे सिमेंटचे टाके घ्या. टाके नवे असेल तर घाई करू नका. नव्या सिमेंटातून चुना सुटतो, पाणी फार अल्कली होते आणि मासे एका रात्रीत मरतात. पंधरा दिवस ते भरून ठेवा, त्या मुदतीत तीन-चार वेळा सगळे पाणी काढून घासा, मगच मासे टाका. नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उन्हात उघडे ठेवा. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. तिच्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो, पण उघड्यावर तो चोवीस तासांत बहुतेक उडून जातो. विहिरीत मासे असतील तर टीसीएल टाकायच्या दिवशी आधी मासे काढून घ्यावे लागतात, हे पंप चालवणाऱ्या माणसाला सांगून ठेवा.

सुरुवातीला १० माद्या आणि ३ नर पुरे. नर जास्त झाले तर ते माद्यांच्या मागे लागून त्यांना दमवतात, माद्या खात नाहीत आणि मरतात. खाणे म्हणून शेंगदाण्याची ढेप आणि धानाचा कोंडा सारख्या भागाने दळून, बारीक चाळून, दिवसातून दोनदा चिमूटभर द्या. पाच मिनिटांत संपेल इतकेच. तळाशी उरले तर कुजते आणि पाणी बिघडते. सरकीची ढेप घालू नका. तिच्यातले गॉसिपॉल माशाला बाधते. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला.

पैदासीच्या टाक्यात मात्र पाला हवाच. ज्या हौदात अळ्या मारायच्या तिथे पाला शत्रू, जिथे पिल्ले वाढवायची तिथे तोच सोबती. गप्पीची आई स्वतःचीच पिल्ले गिळते; भुकेली असेल तर एका दुपारी सगळी वीत संपवते. हायड्रिलासारखे पाणगवत किंवा तरंगती वनस्पती टाक्याच्या एक तृतीयांश भागात ठेवा, पिल्ले तिथे लपतात. याहून खात्रीचा उपाय म्हणजे भाजीची जाळीदार प्लास्टिक टोपली, भोके ४ मिलिमीटरच्या आसपासची. चौकोनी पोटाची मादी दिसली की तिला टोपलीत घेऊन टोपली टाक्यात अर्धी बुडवून अडकवा. पिल्ले भोकांतून खाली निसटतात, आई आत राहते. वीत झाली की तिला दुसऱ्या टाक्यात काढा. पिल्लांना पहिले दहा दिवस उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून पिळून, एका वेळी डाळीच्या दाण्याएवढा द्या.

हिशेब असा: १० माद्यांना महिन्याला साधारण ३००च्या आसपास पिल्ले. नुसत्या पाल्यावर ठेवली आणि तिसरा हिस्सा जरी जगला, तरी १००. तीन महिन्यांत ३०० मासे, आणि तोवर पहिल्या पिल्लांतल्या माद्या स्वतः वितीला येतात. वर्षातून एकदा दुसऱ्या गावच्या टाक्याशी नरांची अदलाबदल करा, नाहीतर एकाच घरातल्या संगाने पाठ वाकडी, शेपूट तुटकी अशी पिल्ले वाढतात.

मासे दुसरीकडे न्यायचे तर आदल्या दिवसापासून खायला घालू नका, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. सकाळी उन्हाआधी मच्छरदाणीच्या कापडाच्या जाळ्याने काढा. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, तोंड रबराने घट्ट. पोहोचल्यावर पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटे हौदाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडे थोडे हौदाचे पाणी पिशवीत घ्या, आणि शेवटी मासे सोडा. एकदम ओतले तर पाण्याच्या गरम-गारपणाच्या फरकाने बरेच मासे दगावतात.

आता सर्वांत जास्त मासे कशाने मरतात ते सांगतो. कापसावर, तुरीवर फवारणी करून आल्यावर पंप ढोरांच्या हौदाशी धुतला जातो. काही फवाऱ्यांतली सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे माशाला इतकी विषारी असतात की पंपातल्या उरलेल्या घोटभर पाण्यानेही हौद साफ होतो. सकाळी सगळे मासे पांढरी पोटे वर करून तरंगतात आणि दोष उन्हाला दिला जातो. त्याच हौदातून ढोरेही पाणी पितात, हे विसरू नका. पंप शेतात, पाण्यापासून लांब धुवा.

बोडीत का नको

पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या आहेत. त्यांत मरळ, वाम, शिंगी, मागूर आणि कितीतरी बारीक देशी मासे आहेत, ज्यांच्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरे चालतात. गप्पी तिथे गेला तर अळ्यांबरोबर देशी माशांची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लेही खातो. बरेचसे देशी मासे मुख्यतः पावसाळ्यात वितात. हा दर महिन्याला. जागा आणि अन्न दोन्ही तोच हळूहळू घेतो.

याहून वाईट गॅम्बुसिया. मूळचा अमेरिकेतला हा मासा १९२८ साली इटलीमार्गे भारतात डासांसाठी आणला गेला. तोही पिल्ले जिवंत देतो, दिवसाला १०० ते ३०० अळ्या खातो असे सांगतात, पण फार भांडखोर. दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, बेडकाची पिल्ले खातो. जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. बेडूक आणि त्याची पिल्लेही डासांना आवरायला मदत करतात, म्हणून गॅम्बुसिया टाकून बेडूक घालवणे हा सौदा आतबट्ट्याचा आहे. गावात गॅम्बुसिया कोणी देत असेल तर घेऊ नका.

बोडीत डास कमी करायला देशी मासेच पुरेत. डोक्यावर चांदीचा ठिपका चमकणारा अ‍ॅप्लोकाइलस पाण्याच्या पृष्ठभागालाच राहतो आणि अळ्या खातो. रासबोरासारखे लहान मासेही खातात. काठचे गवत कापून पाणी उघडे ठेवले की त्यांना आपले काम करता येते.

नालीत गप्पी टाकण्याची पद्धत आहे, हत्तीरोगाच्या डासासाठी ती उपयोगीही पडते. पण पावसाळ्यात नाली ओढ्याला मिळते आणि ओढा तलावाला. जिथे असे होते तिथे सांडपाणी शोषखड्ड्यात जिरवा, मासा टाकू नका. ढोरांच्या हौदाला वरचे जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची नळी असेल तर तिच्या तोंडाला जुन्या धोतराचे दुहेरी कापड बांधा. मच्छरदाणीची जाळी मोठ्या माशाला अडवते, पण नुकते जन्मलेले पिल्लू अंगाने इतके बारीक असते की सैल जाळीतून निसटते. जुलैच्या मुसळधार पावसाआधी हे कापड एकदा तपासा, आणि हौद काठोकाठ भरलेला असेल तर वीतभर पाणी कमी करा.

टाक्यात मासे जास्त झाले तर दुसऱ्या गावच्या बंद हौदाला द्या, किंवा पाळलेल्या बदकांना घाला. बादली कधीही नाल्याच्या काठी रिकामी करू नका. बादलीतल्या पाण्यात एखादी गाभण मादी असतेच, आणि नाल्यात पोहोचलेली गाभण मादी परत आणता येत नाही. एखाद्या लहान बोडीत गप्पी शिरल्याचे दिसलेच, तर एप्रिल-मे मध्ये ती आटत आली की बारीक जाळ्याने दोन-तीनदा ओढा आणि गप्पी काढून घ्या. मरळ मात्र राहू द्या. गप्पी हा मरळीचा आवडीचा घास आहे.